क्लॉप यांची कारकीर्द सोलापूरच्या मैदानासाठी कशी वाचावी

सोलापुरातील शाळेत किंवा एखाद्या मंडळात फुटबॉल शिकवणारे बहुतेक क्रीडाशिक्षक आणि तरुण प्रशिक्षक जर्मन फुटबॉल प्रशिक्षक युर्गन क्लॉप यांना ओळखतात ते लिव्हरपूल या इंग्लिश क्लबमुळे. त्यामुळे त्यांचे अनुकरणही तिथूनच सुरू होते, म्हणजे मैदानाच्या कडेला मुठी आवळून ओरडण्यापासून आणि सामना संपल्यावर खेळाडूंना कडकडून मिठी मारण्यापासून. या दोन्ही गोष्टींत वाईट काही नाही. पण त्यांतून चौदा वर्षांच्या मुलांच्या संघाला काही शिकवता येत नाही. या प्रशिक्षकाच्या आयुष्यातला आपल्या उपयोगाचा भाग माइन्झ या लहान जर्मन क्लबमध्ये आहे, कारण तिथे मैदान लहान होते, पैसा तोकडा होता आणि चांगले खेळाडू हाताला लागताच मोठे क्लब त्यांना उचलून नेत होते. म्हणून ही कारकीर्द वाचताना सुरुवात माइन्झपासून करावी, डॉर्टमुंड या मोठ्या जर्मन क्लबवर बराच वेळ थांबावे आणि लिव्हरपूलकडे शेवटी वळावे.

वाचनासाठी एक शंभर पानी वही पुरेशी आहे. प्रत्येक हंगामाला एक पान द्यावे आणि त्यावर तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत : हंगाम सुरू झाला तेव्हा हाताशी काय होते, प्रशिक्षकाने त्यात नेमके काय बदलले आणि त्या बदलात त्याच्या सोबत कोण होते. करंडक आणि क्रमांक पानाच्या तळाशी लिहावेत. ते आधी लिहिले की उरलेले सगळे त्यांच्याच उजेडात दिसू लागते आणि जिंकलेल्या वर्षातली प्रत्येक गोष्ट शहाणपणाची वाटू लागते.

पहिली पाने : खेळाडू ते प्रशिक्षक

बालपणावर फार शाई खर्च करू नये. क्लॉप यांचा जन्म १६ जून १९६७ रोजी श्टुटगार्ट येथे झाला आणि ते ब्लॅक फॉरेस्टमधील ग्लाटेन या छोट्या गावात वाढले, एवढे पुरे. खेळाडू म्हणून ते १९९० मध्ये माइन्झला आले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. जर्मनीच्या दुसऱ्या श्रेणीत त्यांनी ३२५ सामने खेळून ५२ गोल केले. आघाडीचा खेळाडू म्हणून सुरुवात करून पुढे ते बचावफळीत गेले. आपले पाय फार गुणी नाहीत, डोके मात्र बरे चालते, हे त्यांनी स्वतःच अनेकदा हसत सांगितले आहे. खेळत असतानाच त्यांनी फ्रँकफर्टच्या ग्योटे विद्यापीठातून १९९५ मध्ये क्रीडाशास्त्राची पदविका मिळवली आणि तिच्यासाठीचा प्रबंध चालण्याच्या व्यायामावर लिहिला. शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन शाळेत रुजू झालेल्या शिक्षकांना हा तपशील जवळचा वाटावा. आपल्याकडे बीपीएड झालेल्या माणसाला मोठा खेळाडू नसण्याचा जो संकोच वाटतो, त्याला इथे फारसे कारण उरत नाही.

याच पानावर वोल्फगांग फ्रांक हे नाव ठळक लिहावे. १९९५ मध्ये त्यांनी तळाशी गेलेल्या माइन्झची सूत्रे हाती घेतली आणि त्या काळच्या जर्मन फुटबॉलमध्ये रुळलेली पद्धत मोडली. तोवर बहुतेक संघ प्रतिस्पर्धी खेळाडूला माणसामागे माणूस लावून अडवत आणि सर्वांच्या मागे एक मोकळा बचावपटू ठेवत. फ्रांक यांनी इटालियन प्रशिक्षक आरिगो साक्की यांच्या मिलान संघाचा अभ्यास करून चार बचावपटूंची सरळ फळी उभी केली आणि माणसाऐवजी चेंडूच्या जागेनुसार सगळ्या संघाने एकत्र सरकायचे, हा नियम घालून दिला. संघ कमकुवत असला तरी हालचाल शिस्तीची असेल तर बलवान संघाला अडचणीत आणता येते, हे क्लॉप यांनी तेव्हा बचावपटू म्हणून स्वतःच्या पायांनी अनुभवले. क्लॉप यांच्या नावावर आज जे जमा आहे, त्यातले बरेचसे मूळ भांडवल फ्रांक यांचे आहे आणि क्लॉप यांनीही ते ऋण उघडपणे मान्य केले आहे. प्रशिक्षकाचे चरित्र वाचताना त्याच्या गुरूपर्यंत मागे गेल्याशिवाय वाचन पूर्ण होत नाही.

२८ फेब्रुवारी २००१ रोजी क्लॉप प्रशिक्षक म्हणून पहिल्या सामन्याला उभे राहिले. दोन-तीन दिवसांपूर्वीपर्यंत ते त्याच संघाचे खेळाडू होते. संघ तिसऱ्या श्रेणीत घसरण्याच्या बेतात होता आणि क्लबचे व्यवहार पाहणारे क्रिस्टियान हायडेल यांनी बाहेरून माणूस आणण्याऐवजी संघातल्याच अनुभवी खेळाडूला पुढे केले. ड्युइसबुर्गविरुद्धचा तो सामना माइन्झने १-० असा जिंकला आणि हंगामाअखेर संघ वाचला. त्या आठवड्यात नवी कल्पना शोधण्याइतका वेळ नव्हताच. फ्रांक यांच्या काळात अंगवळणी पडलेली पद्धत पुन्हा लावणे एवढेच करता येण्यासारखे होते आणि तेवढेच केले गेले.

आता वहीत पुढील तीन हंगामांचे गुण शेजारी शेजारी लिहून पाहावेत. २००२ मध्ये माइन्झने ६४ गुण मिळवले आणि एका गुणाने वरच्या श्रेणीची संधी हुकली. २००३ मध्ये ६२ गुण झाले आणि शेवटच्या दिवशी फ्रँकफर्टने जादा वेळेत केलेल्या गोलामुळे केवळ एका गोलाच्या फरकाने पुन्हा चौथा क्रमांक वाट्याला आला. २००४ मध्ये मात्र अवघे ५४ गुण वर जाण्यासाठी लागणाऱ्या तिसऱ्या क्रमांकाला पुरले आणि क्लब इतिहासात प्रथमच बुंडेसलिगामध्ये, म्हणजे जर्मनीच्या पहिल्या श्रेणीत, पोहोचला. म्हणजे यशाच्या वर्षी संघाचे गुण दोन्ही अपयशी वर्षांपेक्षा कमी होते. जिल्हास्तरीय शालेय स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाद झाल्यावर ज्या शिक्षकाला मुख्याध्यापक विचारतात की सरावाचा उपयोग काय झाला, त्याने हे तीन आकडे जवळ ठेवावेत.

डॉर्टमुंडच्या पानांवर जास्त थांबावे

बुंडेसलिगामध्ये दोन हंगाम अकराव्या क्रमांकावर राहिल्यावर २००७ मध्ये माइन्झ पुन्हा खाली घसरला. क्लॉप यांनी लगेच क्लब सोडला नाही. आणखी एक हंगाम थांबून संघ वर नेण्याचा प्रयत्न केला, तो चौथ्या क्रमांकावर संपला, आणि मगच २००८ मध्ये ते बोरुसिया डॉर्टमुंडला गेले. हा क्लब तीन वर्षांपूर्वी दिवाळखोरीच्या काठावर होता आणि नुकताच तेराव्या क्रमांकावर राहिला होता. इथे वहीतल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर नीट लिहावे, कारण चाहत्यांच्या सांगण्यात नेमका हाच भाग गळतो. मॅट्स हुमेल्स हा बचावपटू क्लॉप यांच्या आधीच बायर्न म्युनिक या बलाढ्य क्लबकडून तात्पुरत्या करारावर आलेला होता. नेव्हन सुबोटिच माइन्झहून आला. नुरी शाहिन आणि पुढे मारिओ गोट्झे हे क्लबच्याच युवा संघांतून वर आले. शिंजी कागावा २०१० मध्ये जपानच्या सेरेझो ओसाकाकडून अवघ्या साडेतीन लाख युरोंत मिळाला. खेळाडू शोधणारे आणि खरेदी ठरवणारे लोक वेगळे होते. क्लॉप यांचे काम होते ते हे की एकोणीस वर्षांच्या दोन मुलांना बचावाच्या मध्यभागी शेजारी शेजारी उभे करायचे आणि पहिल्या चुकीनंतर त्यांना बाहेर काढायचे नाही.

पहिले दोन हंगाम सहावा आणि पाचवा क्रमांक मिळाला, २०११ मध्ये विजेतेपद आले, २०१२ मध्ये ८१ गुणांसह पुन्हा विजेतेपद आणि जर्मन चषकाच्या अंतिम सामन्यात बायर्नवर ५-२ असा विजय. २०१३ मध्ये लंडनच्या वेम्बली मैदानावर चॅम्पियन्स लीग या युरोपातील क्लबांच्या स्पर्धेचा अंतिम सामना बायर्नने शेवटच्या मिनिटांत जिंकला. ही पाने भराभर भरली तरी चालतील. २०१४-१५ चे पान मात्र सावकाश भरावे. गोट्झे आणि आघाडीचा खेळाडू लेवांडोव्स्की बायर्नला गेलेले, दुखापती वाढलेल्या, समोरचे संघ मागे दाट बसून डॉर्टमुंडला चेंडू देऊन टाकू लागलेले. फेब्रुवारीत संघ तक्त्यात चक्क शेवटच्या क्रमांकावर होता. तिथून तो सातव्या क्रमांकापर्यंत चढला आणि एप्रिलमध्येच क्लॉप यांनी जाहीर केले की हंगामाअखेर आपण थांबतो. चेंडू हिसकावण्यावर उभा असलेला संघ, समोरच्याला चेंडू नकोच असेल तेव्हा काय करतो, हा प्रश्न या पानावर मोठ्या अक्षरात लिहावा. आपल्या शाळेच्या संघालाही तो कधीतरी पडणारच आहे.

पद्धत : चेंडू गेल्यानंतरचे पाच सेकंद

जर्मनीत जिला गेगनप्रेसिंग म्हणतात, ती क्लॉप यांची पद्धत अशी आहे. आपल्या संघाकडून चेंडू गेला की मागे धावत सुटायचे नाही. जिथे गेला तिथेच, लगेच, जवळच्या तिघा-चौघांनी मिळून तो परत मिळवायचा. यामागचे कारण साधे आहे. ज्याने नुकताच चेंडू हिसकावला त्याची नजर चेंडूवर असते, त्याने मैदान पाहिलेले नसते, त्याचे सहकारी अजून बचावाच्या जागांवर असतात आणि त्याचा तोलही सावरलेला नसतो. त्याच क्षणी चेंडू परत मिळाला तर प्रतिस्पर्धी संघ पुढे निघालेला असतो आणि त्याच्या मागे मोकळी जागा पडलेली असते. कुठलाही कल्पक खेळाडू जितकी चांगली संधी निर्माण करील, त्याहून चांगली संधी अशा वेळी आपोआप मिळते, हे क्लॉप यांचे म्हणणे प्रसिद्धच आहे.

ही पद्धत नुसत्या धावण्याने जमत नाही, आणि सोलापुरात तिचे अनुकरण फसते ते याच ठिकाणी. आक्रमण करतानाच खेळाडूंमधले अंतर दहा-बारा मीटरपेक्षा जास्त नसेल, तरच चेंडू गेल्यावर जवळ कोणी असते. सगळे मैदानभर विखुरलेले असतील तर एकटा मुलगा चेंडूमागे पळतो, दमतो आणि दुसऱ्या सत्रात उभा राहतो. म्हणून आधी अंतर शिकवावे, मग दाब.

आपल्या मैदानांचा एक गुण इथे कामाला येतो. काळी माती उन्हात तडकते, मुरूम टाकलेला असेल तर पृष्ठभाग दगडासारखा होतो आणि चेंडू गुडघ्यापर्यंत उसळतो. अशा जागी पहिल्या स्पर्शात चेंडू काबूत येणे कठीण असते. समोरच्या मुलाच्या पायावरून चेंडू उसळला, त्याची पाठ आपण राखत असलेल्या गोलकडे असली किंवा तो कडेच्या रेषेजवळ सापडला, या तीन खुणा मुलांना पाठ करून द्याव्यात; या खुणा दिसताच सगळ्यांनी एकदम सरकायचे. हिरवळीवर खेळणाऱ्या युरोपीय मुलांपेक्षा या खुणा आपल्या मुलांना जास्त वेळा दिसतील.

मैदानावर सराव कसा घ्यावा

मार्च ते जून या काळात सोलापूरचा पारा चाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा सराव सकाळी साडेसातच्या आत संपवावा किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर सुरू करावा. आधी दहा मिनिटे सगळ्यांनी रांगेत चालत खडे आणि काचा वेचाव्यात. या जमिनीवर घसरत जाऊन चेंडू काढण्यास सक्त मनाई ठेवावी, कारण सोलवटलेली मांडी आठवडाभर बरी होत नाही आणि या पद्धतीत पायांवर उभे राहणेच महत्त्वाचे असते.

पहिल्या पंधरवड्यात पंधरा मीटर लांब-रुंद चौकोन आखावा. पाच मुले चेंडू आपापसात फिरवतील, दोघे तो काढायचा प्रयत्न करतील. दोघांनी चेंडू काढताच प्रशिक्षकाने मोठ्याने एक ते पाच मोजावे. तेवढ्यात पाचांनी चेंडू परत घेतला तर त्यांना एक गुण. दोघांपैकी कोणी चेंडू घेऊन चौकोनाबाहेर पडला तर त्या दोघांना दोन गुण. पंचेचाळीस सेकंद खेळ, दीड मिनिट विश्रांती, अशा सहा फेऱ्या झाल्या की सावलीत पाणी. विश्रांती खेळाच्या दुप्पट ठेवण्याचा नियम मोडू नये. दमलेली मुले दाब टाकत नाहीत, नुसती चेंडूच्या आसपास फिरतात आणि तीच सवय होऊन बसते.

या सरावात प्रत्येकाचे काम ठरवून द्यावे. सर्वांत जवळचा मुलगा थेट चेंडूवर जाईल, पण सरळ रेषेत नाही. तो मधला मार्ग अडवून प्रतिस्पर्ध्याला कडेकडे ढकलेल. दुसरा सर्वांत सोपा पास बंद करील. तिसरा त्या दोघांच्या मागे राहील, कारण पहिला चकला तर चेंडू त्याच्याकडेच येणार आहे. गोलरक्षकानेही आपली रेषा सोडून पुढे यायचे आहे, आणि आपल्याकडे नेमके हेच राहून जाते. पाच मोजून झाले आणि चेंडू मिळाला नाही, तर सगळ्यांनी मागे येऊन चेंडू आणि आपला गोल यांच्यामध्ये उभे राहायचे. ‘दाबा’ आणि ‘मागं’ असे दोनच पुकारे ठेवावेत. एकाच संघात घरी मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी मुले असतात. लांबलचक सूचना पाच सेकंदांत कोणत्याच भाषेत पोहोचत नाही.

दुसऱ्या पंधरवड्यात वीस बाय तीस मीटरच्या जागेत चार विरुद्ध चार खेळवावे आणि पाच सेकंदांच्या आत परत मिळवलेल्या चेंडूवर झालेला गोल दोन गोलांइतका धरावा. त्यानंतरच अर्ध्या मैदानावर आठ विरुद्ध आठ. मधूनमधून फ्रांक यांच्या रीतीने समोर प्रतिस्पर्धी नसतानाही संपूर्ण संघाला चेंडूच्या जागेनुसार सरकायला लावावे. मुलांना हा सराव अतिशय कंटाळवाणा वाटतो. दहा मिनिटांपेक्षा जास्त घेऊ नये, पण सोडूनही देऊ नये.

लिव्हरपूलच्या पानांतली एक नोंद इथे उपयोगी पडते. क्लॉप ऑक्टोबर २०१५ मध्ये तिथे आले आणि त्या हिवाळ्यात मांडीच्या मागच्या स्नायूंच्या दुखापतींनी संघ इतका पोखरला की जानेवारीत एक्सेटरविरुद्धच्या चषक सामन्यात जवळजवळ सगळा युवा संघ उतरवावा लागला. नव्या दाबाची सवय शरीराला हळूहळू लागते. शालेय स्पर्धा पावसाळ्यात असतात. म्हणजे कामाला सुरुवात जूनच्या मध्यात करावी आणि पहिल्या तीन आठवड्यांत या सरावाचे आठवड्यातून दोनच दिवस ठेवावेत. चक्कर, मळमळ किंवा अंगावर शहारे आलेल्या मुलाला ताबडतोब सावलीत बसवून अंगावर गार पाणी घालावे, आणि तो असंबद्ध बोलू लागला तर वाट न पाहता दवाखान्यात न्यावे. सरावापूर्वी केळे किंवा गूळ-शेंगदाणे चालतील; शेंगाचटणी-भाकरी हे आपले वैभव आहे, पण ते सरावानंतरचे.

हजेरीबाबत एक स्थानिक सूचना. शहरात पाणी काही दिवसांआड येते आणि ज्या दिवशी ज्या भागात येते, त्या दिवशी तिथली मुले पहाटे घागरी-बादल्या भरत असतात. गैरहजेरीबद्दल शिक्षा करण्याऐवजी भागवार वार विचारून घ्यावेत आणि दाबाचा सराव त्यांतून मोकळ्या दिवशी ठेवावा.

लहान फायदे आणि सोबतची माणसे

७ मे २०१९ रोजी ॲनफिल्ड या घरच्या मैदानावर बार्सिलोनाविरुद्धच्या दोन सामन्यांच्या लढतीत लिव्हरपूलने पहिल्या सामन्यातली ०-३ ही पिछाडी ४-० ने भरून काढली. चौथा गोल कोपऱ्यावरून पटकन घेतलेल्या किकवर झाला, कारण चेंडू देणाऱ्या मुलाने तो क्षणात परत दिला आणि बार्सिलोनाचे खेळाडू अजून वळलेही नव्हते. चेंडू थांबला की तो संघ सुस्तावतो, हे लिव्हरपूलच्या विश्लेषकांनी आधीच हेरले होते. आपल्या मैदानावर चेंडू गटारात किंवा बाभळीत गेला की खेळ मिनिटभर थांबतो. घरच्या सामन्याला चारही बाजूंना राखीव खेळाडूंकडे एकेक चेंडू देऊन ठेवला, तर फायदा फुकट मिळतो. लिव्हरपूलने २०१८ मध्ये थ्रो-इनसाठी, म्हणजे कडेबाहेर गेलेला चेंडू हाताने आत फेकण्यासाठी, टोमास ग्रॉनेमार्क हा स्वतंत्र प्रशिक्षक नेमला, तेव्हा अनेकांनी थट्टा केली होती. शालेय सामन्यात थ्रो-इन इतके होतात की आठवड्यातून पंधरा मिनिटे त्यांना देणे सहज परवडते.

वहीतला तिसरा प्रश्न, सोबत कोण होते, हा बहुतेक वाचक वगळतात. माइन्झपासून झेल्को बुवाच आणि पेटर क्राविट्झ हे दोघे क्लॉप यांच्यासोबत होते. एक सरावाची आखणी पाहायचा, दुसरा प्रतिस्पर्ध्यांच्या चित्रफिती. बुवाच २०१८ मध्ये वेगळे झाले, पुढे पेप लाइंडर्स यांच्याकडे सरावाचा मोठा भार आला. शाळेत सहायक मिळत नाही, हे खरे. पण दुखापतीमुळे बाहेर बसलेल्या मुलाला कडेला वही देऊन चेंडू कुठे गेला आणि किती सेकंदांत परत आला एवढे टिपायला सांगता येते. तो मुलगा महिन्याभरात खेळ निराळ्या नजरेने पाहू लागतो.

सामने पाहतानाही हीच नोंद ठेवावी. बुंडेसलिगाचे शनिवारचे दुपारचे सामने आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी सात वाजता आणि हिवाळ्यात आठ वाजता सुरू होतात, त्यामुळे मुलांना घेऊन एकत्र पाहणे शक्य आहे. २००५ ते २००८ या काळात क्लॉप जर्मन दूरचित्रवाणीवर सामन्यांचे विश्लेषण करत आणि पडद्यावर रेषा काढून सामान्य प्रेक्षकाला खेळाडूंच्या हालचाली समजावून देत. शिक्षकाने सामना थांबवून मुलांना तसेच विचारावे : चेंडू गेला त्या क्षणी जवळ कोण होते, कोण जागेवर उभे राहिले.

पराभवांची पानेही कोरी सोडू नयेत. २०१३ ते २०१८ या काळात क्लॉप यांच्या संघांनी सहा मोठे अंतिम सामने ओळीने गमावले. १ जून २०१९ रोजी माद्रिदमध्ये टॉटनहॅमला २-० असे हरवून त्यांनी चॅम्पियन्स लीग जिंकली, त्या आधीच्या वर्षीचा अंतिम सामना ते हरले होते. त्या वर्षभरात प्रशिक्षक बदलला नव्हता आणि पद्धतही मोडली नव्हती. पण गोलरक्षक म्हणून आलिसन आला होता आणि संघ सतत झेप घेण्याऐवजी चेंडू थोडा अधिक काळ सांभाळू लागला होता. डॉर्टमुंडच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलेल्या प्रश्नाचे उत्तर काही अंशी इथे सापडते. पुढल्या हंगामात ९९ गुणांसह लिव्हरपूलला तीस वर्षांनी इंग्लंडचे विजेतेपद मिळाले. दाबाची पद्धत बसल्यावर आपल्या संघालाही दुसरे सत्र चेंडू राखून खेळायला शिकवावे. भर उन्हात ते टाळता येणारच नाही.

शेवटचे पान जाण्याचे. २६ जानेवारी २०२४ रोजी क्लॉप यांनी आपली शक्ती संपत आल्याचे सांगून हंगामाअखेर लिव्हरपूल सोडण्याचे जाहीर केले, म्हणजे क्लबला तयारीसाठी जवळजवळ चार महिने मिळाले. १९ मे रोजी त्यांचा अखेरचा सामना झाला आणि जानेवारी २०२५ पासून ते रेड बुल समूहाच्या फुटबॉल विभागाचे प्रमुख झाले. आपल्याकडे क्रीडाशिक्षकाची बदली झाली की संघ बहुधा त्याच्यासोबतच संपतो. बदलीची चाहूल लागताच ही वही, मुलांच्या वयाच्या दाखल्यांच्या प्रती आणि सरावाचे वेळापत्रक पुढील शिक्षकाच्या हाती द्यावे, आणि शक्य असेल तर एक आठवडा दोघांनी मिळून सराव घ्यावा.